वाकड्या वाफ्यावर

नायगावला खाडीच्या अंगाला उभी असलेली ती उंच इमारत आली, की फाटकाशी माझे पाय अडतात. चपला काढायच्या की तशाच घालून आत जायचं, हे मला दर रविवारी नव्याने ठरवावं लागतं. समोर गुळगुळीत फरशी, दोन्ही बाजूंना कुंड्यांतली कुठल्या तरी परमुलखाची झाडं, पलीकडे काचेचं दार. चपला काढाव्यात असं तिथे काहीच नाही. वॉचमन माझ्याकडे बघत असतो. मी पर्समध्ये उगाच काहीतरी शोधते, मोबाइल उघडते, बंद करते, आणि शेवटी एकदाची आत शिरते, कधी अशी, कधी तशी. एवढ्याशा गोष्टीवरून जीव असा खालीवर व्हावा, याचा माझा मलाच राग येतो.

माझा थोरला भाऊ तिथे बी विंगमध्ये सहाव्या मजल्यावर राहतो. बाल्कनीतून खाडी दिसते, पलीकडची तिवरं दिसतात, भरतीच्या वेळी पाणी कसं हळूहळू चढत येतं तेही दिसतं. पाहुणे आले की आधी बाल्कनीत जातात आणि फोटो काढतात. मग हमखास कोणीतरी विचारतं, इथे आधी काय होतं हो? आणि हमखास कोणीतरी सांगतं, काही नाही, नुसती दलदल होती. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. मी चहाचा कप खाली ठेवते आणि स्वयंपाकघरात जाऊन वहिनीच्या ओट्यावरची भांडी विनाकारण सरळ करत बसते.

दलदल नव्हती. मिठागर होतं. खाडीपासून रेल्वेच्या बाजूपर्यंत चौकोनी वाफे पसरले होते, आणि प्रत्येक वाफ्याला नाव होतं. थोरला, तेल्याचा, नवरीचा, वाकडा. नवरीचा असा का, ते मला कोणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. लहानपणी नावं जशी मिळतात तशी आपण घेतो. वाकडा आमच्या घराच्या वाट्याचा. म्हणजे मालकीचा नव्हे, राबण्याच्या वाट्याचा. खाडीच्या वळणाने त्याचा एका अंगाचा बांध तिरपा गेला होता, म्हणून तो वाकडा. आज नेमकी त्या जागेवर बी विंग आहे. दादाने फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशास्त्राचा कोणी जाणकार येऊन गेला होता. सगळे कोपरे अगदी काटकोनात आहेत, असं त्याने सांगितलं, तेव्हा मला हसू आवरेना आणि दादाने माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं.

दिवाळीचे कंदील उतरले, की आमच्याकडे खरी लगबग सुरू व्हायची. पावसाचं साठलेलं गोडं पाणी वाफ्यांतून काढून टाकायचं. खालून काळा, मऊ, लोण्यासारखा चिखल वर यायचा, आणि त्याचा वास साऱ्या गावभर. कुजलेल्या शेवाळाचा, चिंबोऱ्यांचा, तिवरांच्या मुळांचा तो वास. नव्याने लग्न होऊन आलेल्या सुना पहिले काही दिवस पदर नाकाला लावून हिंडायच्या. मला तो वास अजूनही कधी कधी येतो, कुठेही, अगदी बँकेच्या रांगेतही, आणि मी वेड्यासारखी आजूबाजूला बघते.

मग वाफे तुडवायचे. मीठ धरायचं तर खालची जमीन घट्ट हवी, नाहीतर मिठात माती येते. त्यासाठी कुठलं यंत्र नव्हतं, रोलर नव्हता. पाय होते. बायका-पुरुष एका ओळीत उभे राहायचे, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकायचे, आणि एका तालात पाय आपटत आपटत वाफ्याच्या या टोकाकडून त्या टोकाला जायचे. टोकाला पोचले की वळायचे आणि पुन्हा. दिवसचे दिवस. आय, म्हणजे माझी आई, नेहमी ओळीच्या मधोमध असायची, कारण ताल तिच्याकडे असायचा. ती गाणं धरायची. गाणं कसलं, त्या त्या दिवशी सुचेल ते. कोणाच्या सासूने काय केलं, कोणाचा नवरा ताडी पिऊन कुठे पडला, मिठागराच्या शेठची बायको कशी पावडर लावते. ओळीतला कोणी चिडला, की त्याचे पाय जोरात पडायचे, आणि आय म्हणायची, “चिडू दे, वाफा घट होतंय.”

मी बांधावर बसलेली असायचे. निवट्यांच्या मागे धावायचं काम माझं. हा चिखलावर उड्या मारत पळणारा मासा कोणाच्या हाताला लागत नाही, माझ्याही लागला नाही. पण तो पायांचा आवाज मी कानभर ऐकला आहे. सुरुवातीला पचपच. मग दोन-तीन दिवसांनी थपथप. पुढेपुढे आवाज कोरडा होत जायचा, आणि एका दिवशी तर दुसऱ्याच कोणाचे पाय असावेत तसा टणक यायचा. संध्याकाळी आय ओट्यावर पाय पसरून बसायची आणि भेगांत उंडीचं कडू तेल चोळायची. तिच्या टाचांना एवढ्या भेगा होत्या, की मी त्यांच्यातून काडी फिरवून रस्ते काढायचे. ती ओरडायची नाही. तिला लागत नसावं, किंवा लागत असलं तरी ती इतकी दमलेली असायची, की ओरडायचंही सुचत नसावं.

एकदा तुडवायला घेतलं, की वाफ्यावर चपला घालून कोणी पाऊल टाकायचं नाही, हा सगळ्या मिठागराचा नियम. घालून गेलं तर काय होईल, हे कोणी सांगत नसे. नुसतं, जायचं नाही. शेठ एकदा पाहणीला आला होता. चकचकीत बूट, पांढरी विजार. बांधावरून वाफ्यात उतरणार, एवढ्यात माझा बा मध्ये उभा राहिला. बा उघाडीवर होता. उघाडी म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायची आणि बाहेर सोडायची झडप. तो नुसता शेठच्या बुटांकडे बघत राहिला. शेठ एका पायावर लंगडत लंगडत बूट काढू लागला, तोल जाऊन त्याने बाच्याच खांद्याला धरलं, आणि मग मोजे घालून चिखलात उतरला. आम्ही पोरं बांधामागे तोंड दाबून हसत होतो. तो चिखलाने भरलेल्या मोज्यांनी मोटारीत बसला, तेव्हा मात्र हसू थांबवता आलं नाही.

मीठ पडायचं ते भर दुपारी. वाफ्यातलं पाणी आटत आटत जाड व्हायचं, आणि एखाद्या दुपारी त्याच्यावर दुधावरच्या सायीसारखा पातळ पापुद्रा धरलेला दिसायचा. सगळेजण हळू बोलू लागायचे. मग थंडी सरता सरता पांढऱ्या राशी, डोळे दिपवणाऱ्या, ज्यांच्याकडे बघताना हात आडवा धरावा लागे. डोक्यावर पाट्या घेऊन बायकांची रांग, घामाबरोबर मानेवर उतरणारं खारं पाणी, सुकटीचं कालवण आणि भाकरी, माठातल्या पाण्याला लागलेली मिठाची चव. पाऊस जवळ आला की राशींवर गवत शाकारायचं. मग वाफे पाण्याखाली जायचे, सगळं पुसलं जायचं, आणि दिवाळीनंतर पुन्हा पहिल्यापासून.

एका वर्षी दिवाळी झाली आणि वाफे तुडवले नाहीत. का, ते मला विचारू नका. मोठी माणसं ओट्यावर बसून काय काय बोलत होती, त्यातलं काही माझ्या कानावर आलं असेल, पण मला आठवतो तो मातीचा रंग. कुठल्या तरी डोंगरातून आणलेली तांबडी माती, मुळांसकट, दगडांसकट, डंपरवर डंपर. काळ्यावर तांबडं. तिला वासच नव्हता. बा तरीही रोज उघाडीवर जाऊन बसायचा, पाणी घ्यायचं नाही, सोडायचं नाही, तरी बसायचा. त्यानंतर तो फार दिवस जगला नाही. मी लग्न होऊन चंदनसारला गेले, विरारच्या त्या पूर्वेच्या अंगाला, जिथून खाडी दिसत नाही आणि वारा आला तरी त्याला कसलाच वास नसतो. दादा शिकला, बँकेत लागला, पुढे साहेब झाला. त्याची भाषा घासून पुसून लख्ख झाली. आय मात्र खाडीकाठच्या त्या जुन्या घरात एकटी राहिली.

आणि मग तिथेच ही इमारत उभी राहिली, आणि दादाने तिथेच घर घेतलं. दुसरीकडे कुठे घेता आलं नसतं का? मी विचारलं होतं. तो म्हणाला, “स्टेशन जवळ आहे.” एवढंच.

गेल्या पावसात उधाणाचं पाणी आयच्या घरात गुडघाभर शिरलं. चूल विरघळली, अंथरूण भिजलं, मागच्या खोलीची भिंत पोट आत घेतल्यासारखी आत आली. ती पाटावर पाट ठेवून त्यावर बसून राहिली होती. दादाने जाऊन तिला उचलून आणलं आणि घराला कुलूप लावलं. तिला माझ्याकडे आणावं असं मला फार वाटलं. पण माझं घर एका खोलीचं, त्यात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. म्हणजे आय आता राहील तर त्या इमारतीतच, नाहीतर त्या पडक्या घरात. तिसरी जागा नाही, हे आम्हा भावंडांना माहीत होतं, आणि आयलाही.

पहिल्याच दिवशी तिने फाटकाशी चपला काढल्या. वॉचमनच्या खोलीच्या भिंतीला टेकवून ठेवल्या आणि अनवाणी चालत आत गेली. वॉचमनने तिला अडवून हिंदीत विचारलं, कोणाकडे कामाला आलात? दादा कानकोंडा झाला.

“आई, चपला घाल. इथे सगळे घालतात.”

“वाकड्यावर चपला घालून जाऊ? मना येड लागलंय काय?”

“आता वाकडा कुठे राहिलाय?”

“मंग मी कनावर उभी हाय?” तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पुढे गेली.

तिने चपला काढल्या, पण तिचा जीव काही तिथे रमला नाही. घरभर फिरायची. या खोलीतून त्या खोलीत, बाल्कनीत, परत दाराशी. खुर्चीवर बसली तरी अर्धीच, लगेच उठून जाणाऱ्या माणसासारखी. जेवायला बसवलं तर ताटातलं चिवडत राहायची. वहिनी बिचारी जवळा करून बघायची, निवटीचं कालवण करून बघायची, आय म्हणायची, “ठेव, मागनं खाते.” मागनंही खायची नाही. पाण्याच्या वेळा तिच्या अंगात होत्या. खाडीला भरती लागली, की ती खाली उतरायची आणि इमारतीभोवती अनवाणी फेऱ्या मारायची, कडेकडेने, जणू बांध तपासतेय. दोनदा तर कोणाला न सांगता जुन्या घरी निघून गेली आणि कुलूप लावलेल्या दारात बसून राहिली. दर रविवारी मी गेले की तिचा हात हातात घ्यायचे. तो दर वेळी आधीपेक्षा हलका लागायचा. मला भीती वाटायची. स्पष्टच सांगते, मला वाटायचं, ही आता पुढचा पाऊस बघत नाही.

त्या इमारतीतल्या लोकांनी मात्र तिचे पाय पाहिले आणि वेगळंच काही समजून घेतलं.

सुरुवात देशपांडे काकूंनी केली. त्या मूळच्या सोलापूरच्या, मुलाबरोबर इथे आलेल्या, श्रद्धाळू बाई. एक म्हातारी रोज फाटकाशी चपला काढून, भिंतीच्या कडेने प्रदक्षिणा घालते, हे त्यांनी खिडकीतून पाहिलं. म्हातारी इथलीच, जुनी जाणती. म्हणजे इथे काहीतरी स्थान असणार! काकूंनीही चपला काढल्या. मग त्यांच्या भिशीतल्या बायकांनी. थोड्याच दिवसांत वॉचमनच्या खोलीला लागून चपलांची रांग दिसू लागली. खाडीच्या वळणाने तिरप्या गेलेल्या कुंपणाच्या भिंतीच्या कोपऱ्यात कोणीतरी झेंडूची फुलं ठेवली, कोणीतरी उदबत्ती खोचली. सोसायटीच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, देवीचं ठाणं होतं. भुईगावहून इथे राहायला आलेल्या ज्युली टीचरनी लिहिलं, आमच्याकडे प्रत्येक वळणावर क्रूस असतो, खाडीच्या काठाला तर असणारच, तेव्हा आधी नीट विचारून घ्या. यावरून दोन दिवस ग्रुप पेटला. देशपांडे काकूंचे गुडघे दुखायचे थांबले, हे त्यांनी स्वतः लिफ्टमध्ये मला सांगितलं. मी तोंड भिंतीकडे केलं.

शेवटी सेक्रेटरी शिर्क्यांनी तोडगा काढला. रविवारी संध्याकाळी खाडीकडच्या मोकळ्या फरशीवर सगळ्यांनी जमायचं, आणि आजींनाच विचारायचं. त्या सांगतील ते स्थान, त्याप्रमाणे छोटीशी घुमटी बांधायची.

शनिवारी दादाचा फोन आला. तो इतक्या हळू बोलत होता, की आधी मला वाटलं आयचंच काही झालं.

“तू उद्या लवकर ये. आईला समजाव. देवी होती, एवढंच म्हणायचं. कुठली, ते मी बघतो.”

“पण नव्हती ना रे.”

“नसू दे. काय फरक पडतो? तिला मान मिळेल, घुमटीपाशी बसेल, चार बायका पाया पडतील, मन रमेल. तिला राहायचं निमित्त तरी होईल.” मग म्हणाला, “आणि मी इथे सगळ्यांना सांगितलंय, की ही आमची जमीन होती.”

मला त्याचा संताप आला होता, आणि त्याच वेळी वाटत होतं, की तो म्हणतो ते खोटं नाही. देवीच्या नावाने का होईना, ती इथे टेकली तर टेकू दे. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर.

रविवारी मी आयला सगळं सांगितलं. देवीचं, क्रूसाचं, घुमटीचं. ती बाल्कनीत कठड्याला धरून उभी होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “भरती कदीची हाय?” मला कळेना हिला काही समजलं की नाही.

खाली बरीच माणसं जमली होती. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, ताटात नारळ, हळदकुंकू, आणि ज्युली टीचरच्या हातात, कोणी काही म्हणायच्या आत, मेणबत्त्यांचं पाकीट. सगळे अनवाणी. दादा शर्टाची बाही पुन्हा पुन्हा नीट करत मागे उभा होता. आय आली, तशी दोन बायका तिच्या पाया पडायला वाकल्या. ती झटकन मागे सरली. शिर्के पुढे झाले.

“आजी, आम्ही बाहेरची माणसं, आम्हाला माहिती नाही. तुम्ही फक्त एवढं सांगा, इथे स्थान कोणाचं होतं?”

“कनाचं?”

“देवाचं. देवीचं म्हणा. कुठला देव होता इथे?”

आयने एकदा दादाकडे पाहिलं. तो फरशीकडे बघत होता. हो म्हण, मी मनात म्हणत होते, हो म्हण आणि राहा.

“हितं देव नव्हता,” आय म्हणाली. “हितं मीठ होतं. हा वाकडा वाफा. आमची बायमानसं तुडवायची, मी तुडवायची. ह्याचा बापूस उघाडीवर होता.” तिने दादाकडे बोट केलं. “जमीन शेठची. पाय आमचे.”

ताटातला नारळ घेऊन उभ्या असलेल्या बाईने तो हळूच खाली ठेवला. शिर्क्यांनी घसा साफ केला. “म्हणजे... मग अनवाणी का चालायचं?”

“वाफ्यावर चपला घालून जात नाय,” आय म्हणाली, इतकं साधं, की पुढे विचारायला जागाच उरली नाही. पाठीमागे कोणीतरी फिसकन हसलं. दोघेतिघे चपला घालायला फाटकाकडे निघालेही. दादाचा चेहरा पडला होता. मला वाटलं, संपलं. आता ही इथे राहणार नाही आणि हा तिला राहा म्हणणार नाही.

तेवढ्यात देशपांडे काकूंनी विचारलं, “तुडवायचं म्हणजे कसं हो आजी?” खवचटपणे नव्हे. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. इतके दिवस अनवाणी चालल्या होत्या, त्याचं काहीतरी हाताशी लागायला हवं होतं बहुतेक.

आयने त्यांच्या खांद्यावर हात टाकला. दुसरा हात ज्युली टीचरच्या खांद्यावर. आणि पाय आपटला. एक. मग दुसरा. काकू आधी भांबावल्या, मग त्यांचाही पाय पडला. ज्युली टीचर हसत हसत ओळीत आल्या, वहिनी पदर खोचून आली, मी कधी जाऊन टोकाला उभी राहिले ते मलाच कळलं नाही. आयने गाणं धरलं. शब्द जुने नव्हते. सेक्रेटरी घुमटी बांधायला निघाला नि नारळ कोनी फोडला, असलं काहीतरी. बायका हसून हसून वाकल्या, शिर्केही हसले. संगमरवरावर अनवाणी पायांचा चपचप आवाज होत होता. मधोमध आय, तिचा ताल, आणि तिच्या मानेवर घाम. इतक्या वर्षांनी मी त्या ओळीत होते. लहानपणी मला कोणी घेतलं नव्हतं.

फरशीच्या टोकाला पोचल्यावर ती थांबली. वाकून बघितलं. मग उजवी टाच उचलून जोर देऊन फरशीवर रोवली, गोल फिरवली, आणि काढली. पुन्हा वाकून बघितलं.

“टाच उमटत नाय,” ती काकूंना समजावत म्हणाली. “असा बघायचा असतो. टाच उमटली नाय, का वाफा तयार झाला. मंग तुडवायचं थांबवायचं. मंग पानी घ्यायचं.” ती सरळ उभी राहिली, कंबरेवर हात ठेवून, आणि खाडीकडे बघितलं. पाणी कठड्याखालच्या दगडांना लागलं होतं. मग वळून तिने दादाला विचारलं, “वाफा तयार हाय. पानी कदी सोडनार?”

सगळे हसले. त्यांना ती गंमत वाटली. पण मी हसले नाही. वाफा तुडवून झाला, की ओळीतल्या बायका हा प्रश्न उघाडीवरच्या माणसाला विचारायच्या, दर वर्षी, आणि उत्तर मिळेपर्यंत वाफ्यातून हलायच्या नाहीत. विचारायच्या तेव्हा बा तंबाखू थुंकून, खाडीचं पाणी बघून, मगच बोलायचा. आता बा नव्हता. आय भर संध्याकाळी संगमरवराच्या फरशीवर उभी होती, पाय थोडे फाकवून, आणि हलत नव्हती.

दादाने मान वर केली. सगळी सोसायटी त्याच्याकडे बघत होती, शिर्के, देशपांडे काकू, सगळे. त्याने कठड्यापाशी जाऊन खाली वाकून पाणी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्या इमारतीत मी त्याच्या तोंडून जी बोली कधी ऐकली नव्हती, बँकेत लागल्यापासून घरातही ऐकली नव्हती, तिच्यात तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने,

“उद्याचे भरतीला सोडतू, आये. आज पानी कमी हाय.”

“बरं,” आय म्हणाली.

शिर्क्यांनी मला विचारलं, मग घुमटीचं काय करायचं? मी वळून बघितलं. आय चालत चालत लिफ्टपाशी जाऊन उभी राहिली होती, आणि दादा धावत तिच्या मागे गेला होता. लिफ्टचं दार उघडं धरून ती वहिनीला हाका मारत होती, “चल गो लवकर. काय रांधलंस तं वाढ. मना भूक लागले.”